कोलासुराचा माणूस करू नका

‘माणसाचा देव करू नका’ हे वाक्य महाराष्ट्रात इतक्यांदा बोललं गेलंय, की आता त्या वाक्याचीच प्राणप्रतिष्ठा करायला हरकत नाही. जयंती असो, पुण्यतिथी असो, व्याख्यानमालेचं शेवटचं पुष्प असो. वक्ता पाण्याचा घोट घेतो, चष्मा सारखा करतो आणि सांगतो, की आपण मोठ्या माणसांना देव्हाऱ्यात बसवतो आणि त्यांच्या कामातून मोकळे होतो. टाळ्या पडतात. हे वाक्य खरं की खोटं, असा प्रश्न सभागृहात कुणाला पडत नाही. ज्या वाक्याला कुणी प्रश्न विचारत नाही ते एव्हाना देव झालेलं असतं, हे वक्त्याच्याही लक्षात येत नाही.

सभागृहात बोलतात तोवर ठीक. पण हीच मंडळी गोंदिया जिल्ह्यात येतात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगावबांधच्या तलावावर उभी राहतात, पक्षी बघतात, फोटो काढतात आणि कोलासुर देवाची गोष्ट कानावर आली की मान हलवतात. ‘बघा, एवढा मोठा जलतज्ज्ञ, आणि लोकांनी काय केलं? शेंदूर फासला!’ हा सुस्कारा ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील नावाच्या कोहळी समाजातल्या माणसाने डोंगरांमधल्या मोकळ्या जागा मातीच्या पाळीने बंद केल्या आणि पाणी अडवलं. तयार झाला सुमारे ११ चौरस किलोमीटरचा जलाशय. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. त्यांतल्या एका टेकडीवर कोलू पाटलाचं ठाणं आहे, आणि तिथे तो कोलासुर देव आहे. दिवसाचे मजूर घरी गेले की रात्री सातही बहिणी पाळीवर येत आणि काम पुढे नेत, अशी कथा आहे. इंग्रजांच्या गॅझेटियरने ही सगळी हकीकत दोन-चार ओळींत उरकली: अमक्याने बांधला, त्याचा देव झाला, बहिणींनी मदत केली. लगेच पुढची नोंद. आमच्या शिकलेल्या मंडळींची नजर त्या कारकुनाच्या पुढे अजून गेलेली नाही. फरक एवढाच, की कारकुनाने नुसती नोंद केली, हे वर कीवही करतात.

त्यांचं म्हणणं मी त्यांच्यापेक्षा नीट मांडून दाखवतो, म्हणजे अन्याय केला असं व्हायला नको. ते म्हणतात: एक, देव करणं म्हणजे कर्तृत्व नाकारणं. एका शेतकऱ्याला उतार कळला, मातीचा कस कळला, पाण्याचा दाब कळला, हे लोकांना पचलं नाही, म्हणून त्यांनी ते चमत्काराच्या खाती टाकलं. दोन, देव केला की प्रश्न संपतो. देवाला कोण जाब विचारणार? आणि तीन, देव केला की जबाबदारी संपते. नारळ फोडला, गुलाल उधळला, घरी गेलो. तलावात गाळ साचतोय तर साचू दे, देव बघून घेईल.

पहिल्यापासून सुरू करू. कर्तृत्व नाकारलं म्हणता. मग नाव कसं टिकलं? त्याच तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोहचं धरण आहे. ते विसाव्या शतकातलं, आजच्या आजोबांनी बांधताना पाहिलेलं. त्याचा नकाशा कुणी काढला, पाया कुणी आखला, हे व्यासपीठावरच्या एकाने तरी न चाचरता सांगावं. सांगता येणार नाही, कारण त्यांचा कुणी देव केला नाही. त्यांची नोंद सरकारी फायलीत आहे, आणि फाईल कुठल्या कपाटात आहे ते शिपायाला ठाऊक. कोलू पाटील मात्र तीनशे वर्षं नावानिशी, गावानिशी, जातीनिशी आणि कामानिशी शाबूत आहे. ना ताम्रपट, ना कोनशिला, ना शाळेच्या पुस्तकात धडा. ज्यांच्या हाती लिहिणं नव्हतं त्यांनी टेकडीवर एक दगड मांडला आणि हा माणूस आपल्या सातबारावर चढवून घेतला. खाडाखोड करता येणार नाही अशी ती नोंद आहे.

आणि चमत्कार म्हणाल, तर तो तरी नीट ऐकलात का? लोकांनी कोलूला विष्णूचा अवतार केलं नाही. समुद्रावर बाण सोडून पाणी मागे हटवलं, असं सांगितलं नाही. आकाशवाणी झाली नाही. देवपदाला नाव दिलं तेही ‘असुर’ शेवटी असलेलं. कोल्हापूरच्या माहात्म्यात कोल्हासुर मारला जातो. इथे झाडीपट्टीत कोलासुर पुजला जातो. पुराणाच्या साच्यात घालून त्याला गोरंगोमटं करावं, असं इथल्या लोकांना वाटलं नाही, ही बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कथेत चमत्कार एकच आहे: रात्रपाळी. माणसांनी दिवसा टाकलेल्या मातीवर बायकांनी रात्री माती टाकली. महाराष्ट्रभर पाण्याच्या काठी साती आसरा असतात, त्या पाणी राखतात आणि माणसाला धाकात ठेवतात. इथल्या सात बहिणी टोपली उचलतात. पाळ एकट्या पाटलाने बांधली नाही, एवढं तरी ही कथा कबूल करते. आता आपल्याकडच्या एखाद्या नव्या प्रकल्पाच्या कोनशिलेकडे बघा. मंत्री, राज्यमंत्री, खासदार, आमदार, अध्यक्ष, सभापती. संगमरवर संपला तरी नावं संपत नाहीत. माती टाकणाऱ्याचं नाव कुठे आहे? श्रेय एका माणसात कोंबणारा दगड कोणता आणि वाटून देणारा कोणता? व्यक्तिपूजेचा वास नेमका कुठल्या दगडाला येतो?

इथे मात्र एक उणीव मला दिसते, आणि गंमत म्हणजे ती दाखवायला व्याख्यानमालेतला एकही वक्ता कधी पुढे आला नाही. सात बहिणींना टेकड्या मिळाल्या, पाटलाला ठाणं मिळालं. दिवसा राबणाऱ्या मजुरांना काय मिळालं? त्यांची नावं या कथेतही नाहीत. तलावावर पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणाऱ्या ढिवरांना पाण्याची खोली, माशांच्या जाती आणि पाणवनस्पती जेवढ्या कळतात तेवढ्या कुठल्या खात्याला कळत नाहीत. पण त्यांचा कोलासुर झाला नाही. देवपदही पाटलालाच लवकर मिळतं, हे खरं. पण याचा अर्थ देव कमी करा असा होतो, की देव वाढवा असा?

देव मानणं म्हणजे तोंडात बोट घालून थक्क होणं, हा समज कुठून आला कोण जाणे. याच जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळ कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाज लोटतो. महाराष्ट्रातून, छत्तीसगडातून, मध्य प्रदेशातून, तेलंगणातून. तिथे पुजला जाणारा पहांदी पारी कुपार लिंगो काय करतो? डोंगर उचलतो? समुद्र पितो? तो समाजाची घडी बसवतो. गोंडांमध्ये चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे अशा देवांच्या संख्येवरून शाखा आहेत, आणि संख्या एकच असली की ते भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही. कुळागणिक प्राणी आणि झाडं राखीव. आपल्या कुळाच्या झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही. म्हणजे ‘तुमचे देव किती?’ हा प्रश्न तिथे भक्तिभावाचा नसतोच. कुणाशी नातं जोडायचं, काय तोडायचं नाही, काय मारायचं नाही, याचा तो कायदा असतो. बाहेरून येणारे याला ‘निसर्गपूजा’ म्हणतात आणि झाडाला हात जोडणाऱ्या भाबड्या माणसाचं चित्र छापतात. देव मोजून सोयरीक ठरवणारा माणूस भाबडा, आणि पत्रिकेतले छत्तीस गुण जुळवणारा विचारवंत!

दुसरा मुद्दा: देव केला की प्रश्न संपतो. हे म्हणणाऱ्याने गावचा देव जवळून पाहिलेला नाही, एवढंच यातून सिद्ध होतं. गावचा देव हा महाराष्ट्रातला सगळ्यात जास्त जाब विचारला जाणारा इसम आहे. पाऊस लांबला की त्याला पाण्यात कोंडतात. नवस फेडायचा तो काम झाल्यावर, आधी नाही. पंढरीच्या विठोबाशी नामदेव-जनाबाईंनी केलेली भांडणं तर सगळ्यांना पाठ आहेत, आणि ती भांडणं भक्तीत मोडतात, बंडखोरीत नाही. आपल्या आमदाराशी त्या भाषेत बोलून पाहा.

आता या वक्त्यांच्या भात्यातला सगळ्यात भारी बाण. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता, की धर्मातली भक्ती मोक्षाला नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. अगदी खरं. पण जरा पूर्ण वाचा की! त्यांनी बोट ठेवलं ते सत्तेपुढे स्वातंत्र्य गहाण टाकण्यावर. ज्याच्या हाती पोलीस आहेत, तिजोरी आहे, कायदा आहे, त्याला देव मानलं तर तुमच्या मानेला कोण वाचवणार? कोलासुराच्या हातात काय आहे? तो कुणाला तिकीट देत नाही, कुणाची बदली करत नाही, त्याच्या नावाने कंत्राट निघत नाही. रोमचे कित्येक सम्राट मेले की तिथली राजसभा ठराव करून त्यांना देव घोषित करायची. वेस्पासियन नावाचा सम्राट मरणाच्या दारात म्हणे थट्टेने बोलला, की आपण बहुधा देव होत चाललो आहोत. ठरावाने झालेला देव आणि तीनशे वर्षं भात पिकवून खाल्लेल्या लोकांनी केलेला देव, या दोघांना एकाच पोत्यात घालायचं आणि वर ‘हीरोवर्शिप’ अशी चिठ्ठी लावायची, ही आळशी विचारसरणी झाली.

आळशी म्हणतो, कारण हेच लोक जिथे बोलायला हवं तिथे गप्प असतात. अग्रलेखात ‘माणसाचा देव करू नका’, आणि त्याच अंकाच्या पहिल्या पानावर ‘कार्यसम्राट’, ‘विकासपुरुष’, ‘भाग्यविधाता’ यांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात. अग्रलेख टेकडीवरच्या दगडाला, जाहिरात खुर्चीवरच्या माणसाला!

याच दुसऱ्या मुद्द्याला एक उपप्रश्न चिकटलेला असतो, तो पोळ्याच्या दिवशी हमखास येतो. ‘बैलाला एक दिवस देव म्हणता आणि वर्षभर राबवता, हा ढोंगीपणा नाही का?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं की देव म्हणजे बसून खाणारा. आमच्याकडचे देव कामाचे आहेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. तूप-हळद घेऊन पळसाच्या पानांनी बैलाचे खांदे शेकतात, चोळतात. खांदेच का? पूजाच करायची तर कपाळ होतं, शिंगं होती, पाय होते. खांदे अशासाठी, की वर्षभर जू तिथेच घासतं. चिखलणीच्या दिवसांत तिथेच कातडं सोलपटतं. देवपण त्या बैलाच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर येऊन टेकतं. तुझ्याकडून काय घेतलं ते मला ठाऊक आहे, असं सांगायची याहून स्पष्ट रीत मला तरी दाखवा. ज्या कारखान्यात वर्षातून एकदा कामगाराच्या दुखऱ्या खांद्याकडे कुणी बघतं, त्या कारखान्याच्या मालकाने खुशाल येऊन आम्हाला ढोंगी म्हणावं.

आता तिसरा मुद्दा, गाळाचा. हा मला सगळ्यात जास्त डाचतो, कारण त्यात सरळसरळ आरोपी बदललेला आहे.

पूर्व विदर्भात हजारोंनी तलाव आहेत. नवेगाव, सिरेगाव ही मोठी नावं. बाकी गावोगावचे लहान तलाव आणि शेताशेतातल्या बोड्या. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पाळ, पाणी सोडायचं तुडूम, जास्तीचं पाणी काढून देणारी सलंग, पुढे पाट आणि शेवटी धानाची बांधी, अशी त्याची रचना. मातीचा बांध दरवर्षी डागडुजी मागतो, पाट दरवर्षी उपसावा लागतो, आणि हे सगळं वेळच्या वेळी झालं नाही तर दोन-चार पावसाळ्यांत तलावाचं डबकं होतं. हे काम गाव करत होतं, कारण पाणी गावाचं होतं. मालगुजारीचे, म्हणजे त्या जुन्या जमीनदारीचे, मी गोडवे गाणार नाही. तिच्यात बेगार होती, जुलूम होता, आणि ती गेली ते बरंच झालं. पण १९५० च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने मालकी हक्क संपले (भंडारा तेव्हा त्या राज्यात होता, गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ मध्ये), तेव्हा तलाव सरकारजमा झाले आणि तलाव राखायची जबाबदारी मात्र हवेत राहिली. निस्तार पत्रकात वापराचे हक्क लिहिले गेले. पुढे सिंचनक्षमता १०० हेक्टरांपर्यंत असेल तर जिल्हा परिषद, त्याहून जास्त असेल तर दुसरं खातं, अशी वाटणी झाली. आज एखाद्या मोठ्या तलावावर उभं राहिलं, तर पाणी एका खात्याचं, भोवतालचं जंगल दुसऱ्याचं, मासे ठेक्याचे, बोटी पर्यटनाच्या. गाळ तेवढा सगळ्यांचा मिळून, म्हणजे कुणाचाच नाही.

आणि या पंचनाम्यात दोषी कोण ठरतो? टेकडीवरचा देव! लोकांनी शेंदूर फासला म्हणून गाळ साचला! फाईल या टेबलावरून त्या टेबलावर गेली नाही, हे शेंदराचं पाप? बेशरमाची झुडपं काठ गिळून बसली, हा नारळाचा गुन्हा? अर्जुनी मोरगावच्या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला सोबत घेऊन हीच बेशरम उपटली, तळ नांगरून तिथे देशी पाणवनस्पती लावल्या, देशी मासे परत आणायचा खटाटोप केला. त्यांना कुठे देवाची अडचण आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. अडचणी येतात त्या ठेक्याच्या, लिलावाच्या आणि परवानगीच्या.

देव केल्याने डागडुजी थांबते असं ज्यांना वाटतं त्यांनी चीनमध्ये दुजियांगयानला जाऊन यावं. इसवीसनापूर्वी २५६ च्या सुमारास ली बिंग नावाच्या प्रांताधिकाऱ्याने मिन नदीचं पाणी वळवून सिचुआनची शेती भिजवली. लोकांनी त्याचा देव केला, सोबत त्याच्या मुलाचाही. दोघांचं देऊळ नदीकाठी आहे. त्या देवळाच्या परिसरात दगडात काय कोरलंय? स्तोत्र नाही. पात्र खोल उपसा, बांध ठेंगणा ठेवा, अशा अर्थाची सूचना. देखभालीचा नियमच तिथे मंत्र झाला. पूर्वी नदीत दगडी माणसं उभी करत आणि त्यांच्यावरून पातळी पाहत: पाणी पायांच्या खाली जाऊ नये, खांद्यांच्या वर चढू नये. १९७४ मध्ये नदीच्या पात्रात ली बिंगची दगडी मूर्ती सापडली, ती इसवीसन १६८ मधली. हिवाळ्यात पात्र उपसायचं आणि वसंतात उत्सव करून पाणी सोडायचं, ही रीत तिथे शतकानुशतकं चालली. सव्वादोन हजार वर्षं झाली, पाणी अजून शेतात जातंय. देव केल्यामुळे काम विसरलं गेलं म्हणता? इथे तर देवच काम आठवून द्यायला बसवलेला दिसतो.

इतकं लांब जायचं नसेल तर मद्रासच्या गाडीत बसा. मुल्लपेरियार धरण बांधणाऱ्या पेनिक्विक नावाच्या इंग्रज इंजिनियराची तसबीर तमिळनाडूच्या तेनी भागातल्या शेतकऱ्यांच्या घरात असते, पोंगलला त्याचं नाव घेतात. गोदावरीच्या मुखाकडे आर्थर कॉटनचे पुतळे आहेत, त्यालाही लोक हात जोडतात. त्या बातम्या आमच्याकडे ‘कृतज्ञ शेतकरी’ अशा मथळ्याखाली छापल्या जातात. साहेबाला हात जोडले की कृतज्ञता, कोहळ्याला जोडले की अंधश्रद्धा. वा!

दुसऱ्या काठावरचेही काही कमी त्रासदायक नाहीत. ‘आमचे पूर्वज किती थोर, प्रत्येक गोष्टीत देव पाहिला म्हणून पर्यावरण टिकलं’ असा जप करणारे. त्यांना एकच विचारतो: नदीला आई म्हणणाऱ्या देशात नद्यांची काय अवस्था आहे? आई म्हटलं आणि गटार सोडलं, तर ते देव मानणं नाही, नुसतं म्हणणं आहे. कोलूला देव मानणाऱ्यांनी पाळीवर माती टाकली, म्हणून पाळ उभी आहे. मातीची टोपली वगळून नुसती आरती ठेवायची असेल, तर ती त्यांनी आपल्या घरी करावी, कोलासुराच्या नावावर खपवू नये.

तेव्हा कोलासुराला टेकडीवरून उतरवून ‘थोर जलतज्ज्ञ’ करण्याची घाई नको. थोर जलतज्ज्ञ झाला, की त्याच्या नावाने एक पुरस्कार निघेल, एक सभागृह निघेल, जयंतीला हार पडेल, आणि दहा वर्षांत लोक विचारतील, कोण हा? देव आहे तोवर तो पाळीकडे बघत बसलाय, आणि पाळ फुटली तर त्याच्यासमोर उभं राहायला गावाला लाज वाटेल, एवढा वचक त्याचा अजून आहे. कुठल्या उपविभागीय कार्यालयाचा एवढा वचक आहे? आणि ‘माणसाचा देव करू नका’ हे तुमचं वाक्य वाया जाऊ नये असं मनापासून वाटत असेल, तर ते चौकातल्या फ्लेक्सखाली उभं राहून, वर ज्याचा फोटो आहे तो समोर खुर्चीवर बसलेला असताना, माइकवरून एकदा म्हणून दाखवा. मग या नवेगावला, कोलासुराचा हिशेब आपण बसून करू.